प्रीपेड मीटरपर्यंत न पोचलेले पैसे: एका वीज कंपनीच्या तक्रार सेवेचा २६ दिवसांचा अनुभव

गेली सहा वर्षे आमच्या घरी प्रीपेड वीजमीटर आहे आणि या पद्धतीविषयी माझी मूळ तक्रार नाही, हे आधीच सांगते. आधी पैसे भरायचे, २० अंकी टोकन घ्यायचे, ते मीटरच्या कळफलकावर दाबायचे आणि चढलेले युनिट वापरायचे, हा व्यवहार मला सरळ वाटतो. अंदाजे रीडिंगवर काढलेल्या बिलासाठी दर दोन-तीन महिन्यांनी भांडत बसण्यापेक्षा तो कितीतरी बरा आहे. त्यामुळे हे परीक्षण टोकन विक्रीचे नाही. भरलेले पैसे मीटरमध्ये पोचले नाहीत, तर कंपनीची तक्रार सेवा ग्राहकासाठी काय करते, एवढ्याच प्रश्नाचे आहे. ती सेवा मला सलग २६ दिवस वापरावी लागली आणि तिच्याविषयी माझे मत मुख्यतः प्रतिकूल आहे.

सुरुवात मीटर बदलण्यापासून झाली. जुन्या मीटरचा डिस्प्ले अंधूक झाला होता, म्हणून कंपनीने तो काढून नवा बसवला. माणूस वेळेवर आला, जुन्या मीटरमधली शिल्लक नव्यावर चढवून गेला, आणि ती शिल्लक आम्हाला जेमतेम तीन आठवडे पुरली. त्यानंतरच्या दहा दिवसांत मी तीन वेळा पैसे भरले. पहिल्या वेळी ॲपवरून भरले. बँक खात्यातून रक्कम वजा झाली, पण टोकन आलेच नाही. दुसऱ्या वेळी भरणा केंद्रावर रोख भरले. टोकन छापून हातात मिळाले, पण मीटरने ते घेतले नाही. तिसऱ्या वेळी मीटरने टोकन घेतले, पण भरलेल्या रकमेच्या मानाने युनिट फारच कमी चढले. कंपनीच्या तक्रार अर्जात या तिन्ही प्रकारांसाठी एकच पर्याय आहे, तो म्हणजे 'रिचार्ज जमा झाले नाही'. मी तिन्ही भरणे एकाच तक्रारीत घातले आणि पहिले दोन आठवडे वाया गेले ते बऱ्याच अंशी त्यामुळेच, असे आता मला वाटते.

दुसऱ्या भरण्याची रात्र मला नीट आठवते. मीटरवर ४.६ युनिट उरले होते. मुलगी पावती दिव्याखाली धरून चार-चार अंकांचा गट मोठ्याने वाचत होती आणि मी दाबत होते. पाचवा गट संपला, एंटर दाबले, आणि डिस्प्लेवर टोकन नाकारल्याची खूण आली. "आई, पुन्हा एकदा दाब, मी सावकाश वाचते," असे म्हणत तिने तीन वेळा वाचले. अशा पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापतात. त्यावरचा ३ आणि ८ फिकट छपाईत सारखाच दिसतो, म्हणून आम्ही दोन्ही शक्यता दाबून पाहिल्या. काही उपयोग झाला नाही. त्याच रात्री ग्राहक सेवा केंद्राला फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलाने पडद्यावर पाहून सांगितले, "मॅडम, टोकन वैध दाखवतंय. तुम्ही अंक चुकीचे दाबत असाल." पुढच्या नऊ दिवसांत हेच वाक्य मी वेगवेगळ्या चार माणसांकडून ऐकले, आणि दर वेळी तक्रार 'निकाली काढली' असा संदेश फोनवर येत राहिला.

टोकन खरोखरच वैध होते. फक्त ते आमच्या मीटरसाठी नव्हते.

हे समजण्यासाठी टोकन म्हणजे काय, ते थोडे पाहावे लागते. कळफलकाचे बहुतेक प्रीपेड मीटर एसटीएस नावाच्या मानकावर चालतात. हे मानक दक्षिण आफ्रिकेत घडले आणि पुढे आयईसी ६२०५५-४१ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय झाले. त्यानुसार त्या २० अंकांत किती युनिट दिले आणि टोकन कोणत्या मिनिटाला तयार झाले, ही माहिती पडताळणीच्या आकड्यासह कूटबद्ध केलेली असते, आणि कूटबद्ध करण्याची किल्ली त्या एकाच मीटरची असते. त्यामुळे एका मीटरसाठी काढलेले टोकन शेजारच्या मीटरवर चालत नाही. शिवाय वापरलेल्या टोकनांची ओळख मीटर लक्षात ठेवतो, म्हणून एकदा घेतलेले टोकन तो पुन्हा घेत नाही. सेवा केंद्रातल्या मुलाच्या पडद्यावर 'वैध' म्हणून जे दिसत होते, त्याचा अर्थ 'हे टोकन आमच्या यंत्रणेने काढले आहे' एवढाच होता. ते कोणत्या मीटरसाठी काढले, हे त्याच पडद्यावर लिहिलेले असणार, पण चौघांपैकी एकानेही ते वाचून दाखवले नाही.

ते शेवटी आमच्याच घरात सापडले. पावतीचा फोटो मोठा करून पाहताना मुलीला मीटर क्रमांकाचे शेवटचे तीन अंक वेगळे दिसले. भरणा केंद्रातल्या बाईंनी माझ्या जुन्या ग्राहक कार्डावरून क्रमांक घेतला होता, आणि ते कार्ड काढून नेलेल्या मीटरचे होते. वास्तविक असे क्रमांक चुकू नयेत यासाठी चांगली सोय आहे: ११ अंकी मीटर क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना एखादा अंक चुकला तर विक्री यंत्रणा तो क्रमांक स्वीकारतच नाही. पण इथे एकही अंक चुकलेला नव्हता. क्रमांक पूर्णपणे खरा होता. फक्त त्या क्रमांकाचा मीटर तीन आठवड्यांपूर्वी भिंतीवरून उतरून कंपनीच्या गोदामात गेला होता. काढलेल्या मीटरच्या नावावर टोकन विकणे कंपनीने थांबवले नव्हते. या संपूर्ण प्रकरणात कंपनीचा सर्वांत मोठा दोष कोणता, असे मला विचारले तर मी हाच सांगेन. ज्याच्याकडे एवढेच पैसे उरले आहेत आणि घरात आजारी माणूस आहे, त्याने असे टोकन विकत घेतले तर त्याची रात्र अंधारात जाईल.

मधल्या काळात एका कर्मचाऱ्याने मला आणखी एक कारण सांगितले होते. त्याच्या म्हणण्यानुसार आमचा मीटर '२०२४ च्या बदलात' अद्ययावत झाला नसावा. ही गोष्ट मुळात खरी आहे, म्हणून ज्यांचे मीटर जुने आहेत त्यांच्यासाठी ती इथे लिहिते. टोकनातली वेळ १ जानेवारी १९९३ पासून किती मिनिटे झाली, या रूपात मोजली जाते आणि त्यासाठी २४ बिट, म्हणजे ० किंवा १ लिहिण्याच्या २४ जागा, राखलेले आहेत. २४ बिटांत १,६७,७७,२१६ वेगवेगळे आकडे मावतात, आणि तेवढी मिनिटे २४ नोव्हेंबर २०२४ रोजी संपली. त्याआधी प्रत्येक जुन्या मीटरमध्ये किल्ली बदलण्याची खास टोकने, सहसा दोन, दाबून मोजणी नव्याने सुरू करावी लागत होती. ज्यांनी ती दाबली नाहीत त्यांचे मीटर नवी टोकने नाकारतात. जुन्या मीटरवर आम्ही ती दोन्ही टोकने वेळेत दाबली होती, आणि नवा मीटर तर त्या तारखेनंतर बसवलेला होता. म्हणजे हे कारण आम्हाला लागूच नव्हते. तरीही ते ऐकून मी दोन दिवस थांबले, आणि माझ्या दृष्टीने चुकीच्या उत्तराची खरी किंमत ही असते.

पहिल्या भरण्याचे दुखणे वेगळ्या जातीचे होते. कंपनी म्हणे पैसे आलेच नाहीत, बँकेकडे चौकशी करा. बँक म्हणे रक्कम पुढे गेली, कंपनीला विचारा. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, आणि म्हणूनच मी अडकले होते. खात्यातून निघालेली रक्कम आधी मधल्या पेमेंट सेवेकडे जाते, तिथून कंपनीच्या संकलन खात्यात जमा होते, आणि या हालचालीपासून वेगळा एक निरोप टोकन तयार करणाऱ्या सर्व्हरकडे जातो. टोकन त्या निरोपावर तयार होते. तो अर्ध्यावर तुटला तर पैसे पोचलेले असतात आणि टोकन नसते. किंवा टोकन तयारही झालेले असते आणि फक्त ग्राहकाला पाठवायचे राहिलेले असते. बँकेच्या उताऱ्यावरून यातले काय घडले ते कळत नाही. तरीही सेवा केंद्र माझ्याकडे त्याच उताऱ्याची प्रत पुन्हा पुन्हा मागत राहिले. मी ती तीन वेळा पाठवली.

बाराव्या दिवशी मी फोन बंद केले आणि पत्र लिहिले. आधीची एकत्रित तक्रार सोडून दिली, तीन भरण्यांसाठी तीन वेगळी पत्रे केली, तिन्ही कार्यालयात देऊन पोचपावती घेतली आणि त्याच मजकुराची ईमेलही पाठवली. पहिल्या पत्रातला मुख्य भाग असा होता: "ही रक्कम माझ्या खात्यातून वजा झाल्याचा बँकेचा व्यवहार क्रमांक सोबत दिला आहे. ती आपल्या संकलन खात्यात जमा झाली आहे काय, तिच्यावर टोकन तयार झाले आहे काय, आणि झाले असल्यास ते कोणत्या मीटर क्रमांकासाठी व किती वाजता झाले, हे कृपया लेखी कळवावे. टोकन तयार झालेले असल्यास मला नवे टोकन नको आहे. तेच टोकन पुन्हा पाठवावे, ही विनंती."

या शेवटच्या वाक्याने काम झाले, असे मला नंतर सांगण्यात आले, आणि त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. ग्राहक नवे युनिट मागतो तेव्हा कंपनीला एकाच भरण्यावर दोनदा वीज जाण्याची भीती असते, म्हणून प्रकरण वरच्या मंजुरीसाठी जाते आणि तिथे पडून राहते. तयार झालेले टोकन पुन्हा पाठवण्यात मात्र कसलाच धोका नाही, कारण मीटर ते एकदाच घेणार. माझ्या पत्राला पाचव्या दिवशी उत्तर आले: टोकन भरणा केला त्याच मिनिटाला नव्या मीटरच्या क्रमांकावर तयार झाले होते, फक्त संदेश गेला नव्हता. उत्तराच्या खालीच ते २० अंक छापलेले होते. ते दाबले आणि युनिट चढले. १७ दिवस हे अंक कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेत पडून होते, आणि बँकेचा उतारा मात्र माझ्याकडे मागितला जात होता.

दुसऱ्या पत्राच्या संदर्भात मला मीटर विभागात बोलावले. तिथल्या तंत्रज्ञांविषयी चांगले लिहायला मला मनापासून आवडेल, कारण संपूर्ण कंपनीत ग्राहकाला स्वतःचा पडदा वळवून दाखवणारे ते एकमेव गृहस्थ भेटले. त्यांनी दोन्ही मीटर क्रमांकांच्या नोंदी एकाखाली एक उघडल्या. जुन्या क्रमांकाखाली माझे नाकारले गेलेले टोकन होते आणि त्याआधीची सर्वांत अलीकडची नोंद मीटर काढण्याच्या दिवसाची होती. "ताई, हा मीटर आमच्याच कपाटात आहे. हे टोकन कोणी वापरलं असेल असा प्रश्नच येत नाही," असे म्हणून त्यांनी गोदामातून मीटर मागवला, जोडला, आत स्वीकारलेल्या शेवटच्या टोकनांची यादी डिस्प्लेवर आणली आणि माझे टोकन त्यात नसल्याची नोंद कागदावर केली. एवढ्या कामाला वीस मिनिटे लागली. त्या नोंदीवर जुने टोकन रद्द झाले आणि त्याच रकमेचे नवे टोकन नव्या मीटरसाठी निघाले, मात्र लेखा विभागाच्या सहीसाठी आणखी नऊ दिवस गेले. सगळे मिटेपर्यंत २६ दिवस झाले ते असे.

तिसऱ्या भरण्याच्या बाबतीत कंपनीची बाजू बरोबर होती आणि हे तितक्याच स्पष्टपणे लिहिणे मी माझे कर्तव्य समजते. कमी चढलेल्या युनिटमागे चोरी नव्हती, बिघाडही नव्हता. महिन्याचा स्थिर आकार त्या महिन्याच्या पहिल्या खरेदीतून कापला जातो. चालू महिन्यातली नव्या क्रमांकावरची माझी पहिली खरेदी हीच होती, म्हणून त्या महिन्याचा आकार या भरण्यातून गेला. पावतीवर ही वजावट छापलेली होती, पण इतक्या बारीक अक्षरांत आणि 'इतर' या एका शब्दाखाली, की मला ती दिसली नाही आणि दिसली असती तरी कळली नसती. आकार घेण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. घेतलेल्या प्रत्येक आकाराचे नाव पावतीवर असावे, एवढीच मागणी मी केली. तिला अजून उत्तर नाही. ज्यांना युनिट कमी चढल्यासारखे वाटते त्यांनी तक्रार करण्यापूर्वी पावतीवर तीन गोष्टी पाहाव्यात: स्थिर आकार, जुन्या थकबाकीची कपात, आणि टप्प्यांचे दर असतील तर महिन्याच्या उत्तरार्धात घेतलेल्या युनिटांचा वाढलेला भाव. यातली थकबाकी आधीच्या भाडेकरूची निघाली तर मात्र मागे हटू नये. घराचा ताबा घेतल्याच्या तारखेचा कागद आणि त्या दिवशीचे मीटरचे रीडिंग घेऊन लेखी आक्षेप नोंदवावा.

ज्यांच्याकडे किल्ली किंवा कार्ड घालण्याचे मीटर आहेत त्यांचे प्रकरण थोडे निराळे असते. तिथे किल्ली दोन्ही बाजूंनी माहिती नेते, म्हणजे पुढच्या भरण्याच्या वेळी मीटरमधल्या नोंदी ती केंद्रापर्यंत परत आणते, आणि आधीच्या रहिवाशाची किल्ली वापरली गेली तर पैसे त्याच्या खात्यावर चढण्याची शक्यता असते. त्यामुळे नव्या घरात गेल्यावर आपल्या नावाची किल्ली मिळेपर्यंत मोठी रक्कम भरू नये. स्मार्ट मीटरवर भरणा दुरूनच चढतो; नेटवर्क नसताना तो चढला नाही, तर पावतीवरचा क्रमांक हाताने दाबण्याची सोय आहे का, ते सर्वांत आधी विचारावे.

माझ्यासारखे अडकलेल्या ग्राहकांना दोन गोष्टी अगदी आग्रहाने सांगते. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, कारण तो कागद उन्हात आणि खिशात काही आठवड्यांत कोरा होतो, आणि फोटोत मीटर क्रमांक व टोकन दोन्ही वाचता आले पाहिजेत. आणि बँकेकडून रक्कम परत मागणे व कंपनीकडून टोकन मागणे ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू ठेवू नका. दोन्हीकडून होकार आला, तर एकाच भरण्याचा मोबदला तुमच्याकडे दोनदा आलेला असेल आणि पुढे ती रक्कम थकबाकी म्हणून तुमच्याच टोकनांतून कापली जाईल. तो वाद या वादापेक्षा किचकट होईल. कंपनीने लेखी उत्तरच दिले नाही किंवा नुसते 'निकाली' म्हटले, तर तिच्या वरच्या तक्रार कक्षाकडे आणि त्यानंतर वीजपुरवठ्यावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक यंत्रणेकडे जाता येते, पण तिथे सर्वप्रथम तुमची पोचपावतीच मागतात. फोनवरच्या बोलण्याचा तिथे उपयोग होत नाही.

गुण द्यायचे झाले तर टोकन विक्रीला मी पाचपैकी चार देईन, मीटर विभागाला पाच, आणि फोनवरच्या तक्रार सेवेला एक. तो एकही गुण तिथली मुले अखेरपर्यंत सभ्यपणे बोलली म्हणून. त्यांच्यासमोर अर्धवट माहितीचा पडदा ठेवला आहे आणि तक्रार लवकर बंद करण्याची घाई त्यांच्या मागे लावली आहे, हा दोष त्यांचा नाही. पण ग्राहकाने पैसे भरल्याचे सिद्ध करायचे आणि ज्या नोंदींवरून ते एका क्षणात सिद्ध होते त्या मात्र कंपनीने उघडायच्याही नाहीत, ही रचना अन्यायाची आहे, आणि कंपनी ती बदलत नाही तोपर्यंत मी हा एक गुण वाढवणार नाही.

दुसऱ्या पत्राच्या शेवटी मी एक मागणी केली होती, की काढलेल्या मीटरचे क्रमांक टोकन विक्रीतून त्याच दिवशी बंद करावेत. तिला लेखी उत्तर आले नाही. मागच्या आठवड्यात त्याच भरणा केंद्रावर गेले, तेव्हा पैसे देण्यापूर्वी त्या बाईंना मुद्दाम जुने कार्ड दिले. त्यांनी क्रमांक घातला, पडद्याकडे पाहिले आणि कार्ड परत माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "ताई, हा मीटर बंद दाखवतोय. नव्या मीटरचा नंबर आहे का?"